दुसऱ्या कमानीचा हंगाम

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला गेले की मला एक खोड लागते. प्रयोगशाळेच्या खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवायचं आणि ते उजेडात धरून बघायचं. इंदापुरात मी शिकवते ते महाविद्यालय गावाच्या कडेला आहे. कुंपणाच्या पलीकडे डाळिंबाच्या बागा, त्यांच्या पलीकडे ऊस. विद्यार्थ्यांना वाटतं, मॅडमना स्वच्छतेचं वेड आहे. झाडलोट करणाऱ्या मावशींना वाटतं, मी त्यांची परीक्षा घेते. त्यामुळे दिवाळी झाली की त्या माझ्याशी जरा फटकूनच वागतात. खरी गोष्ट सांगायला तास दीड तास लागतो आणि मावशींना तेवढा वेळ नसतो.

यंदा बोट फिरवण्याच्या आधीच वास आला. कुठंतरी जवळच कुणीतरी गुऱ्हाळ चालू केलंय. उकळत्या रसाचा वास एकच एक नसतो. आधी तो हिरवा, कच्चा येतो. भेंडीचं पाणी टाकून वरची मळी काढली की गोडसर होतो. काहील, म्हणजे रसाची मोठी कढई, उतरवायची वेळ झाली की त्यात किंचित करपलेपण येतं आणि उगाचच भूक लागते. वर्गात विजेचा रोध शिकवत होते. तो तिसरा वास खिडकीतून आत आला आणि मी फळ्यावर अर्धं समीकरण टाकून थांबले. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, बरोबरच्या चिन्हापुढं काय?" मी म्हटलं, "गूळ." वर्ग पोट धरून हसला. मलाही हसू आवरलं नाही.

त्या वासाबरोबर मला आठवतो तो एकच हंगाम. हंगाम तसे पुष्कळ बघितले, जन्मच गुऱ्हाळावरचा. बारामतीहून पणदऱ्याकडे जाताना रस्त्यापासून आत आमची वस्ती, तिथंच घराला लागून आमचं गुऱ्हाळ. माझे वडील, तात्या, स्वतः चुलवाणात जाळ घालायचे. चुलवाण म्हणजे काहिलीखालची ती लांबलचक जमिनीतली चूल. रस काढून झालेली उसाची चिपाडं वाळवायची आणि तीच तिच्या तोंडात सारायची. बाकी सगळी कामं तात्या माणसांवर सोपवत, पण जाळ कुणाच्या हाती देत नसत. जाळ कमी-जास्त झाला की गूळ बिघडतो आणि गूळ बिघडला की तात्या बिघडतात, हे आमच्या घरात तान्ह्या पोरालाही ठाऊक होतं.

आणि मी? मी रोज एसटीनं बारामतीला जाऊन एका पांढऱ्या गोळीतून वीज जाते की नाही ते बघत होते. पीएच.डी.चं चौथं वर्ष होतं ते.

गोळी म्हणजे अगदी लिमलेटच्या गोळीएवढी. झिरकोनिया नावाच्या ऑक्साइडची पांढरी पूड खलात घोटायची, तिच्यात दुसऱ्या एका ऑक्साइडची चिमूट मिसळायची, पाण्यात कालवून पुन्हा घोटायची, वाळवायची, साच्यात दाबायची आणि भट्टीत चौदाशे अंशांवर भाजायची. बाहेर येते ती टणक, चिनीमातीसारखी चकती. दिसायला एकसंध, पण सूक्ष्मदर्शकाखाली धरली की कळतं, ती एकसंध मुळीच नाही. दाण्याला दाणा चिकटून बसलेला, भुईमुगाच्या चिक्कीसारखा. माझं काम एवढंच, की चकती तापवून तिच्यातून वीज सोडायची आणि दाण्याच्या पोटात तिला किती अडथळा होतो, आणि दोन दाण्यांच्या सांध्यावर किती, हे वेगवेगळं मोजायचं.

हे वेगळं करता येतं, याचं मला अजूनही नवल वाटतं. चकती फोडायची नाही, दाणे सुटे करायचे नाहीत. फक्त वीज उलटसुलट करायचा वेग बदलायचा. भराभर उलटसुलट केली की सांधे तिला जाणवत नाहीत, ती दाण्यांचाच हिशोब सांगते. सावकाश केली की सांध्यासांध्यावर अडते आणि तिथला हिशोब सांगते. यंत्र त्याची आकृती काढतं, शेजारी शेजारी दोन कमानी. पहिली दाण्यांची, दुसरी सांध्यांची. कमान जितकी रुंद, तितका तिथं अडथळा मोठा.

हे सगळं एकदा मी तात्यांना जेवताना समजावलं होतं. त्यांनी भाकरी चुरता चुरता विचारलं, "म्हंजी वीज रानातनं नीट जाती आन् बांधावर अडती?"

"हां, तसंच."

"मग सरकारी मोजणी आण की."

"मोजणीच करतेय तात्या, चार वर्षं झाली."

"व्हय? मग तुझी मोजणी सरकारी मोजणीपरीस बी सावकाश हाय," असं म्हणून ते ताकाकडं वळले.

त्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेतली वाळवणाची भट्टी दसऱ्यालाच बंद पडली. दुरुस्तीचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता आणि फिरता फिरता त्याला कुठंच वाळायची घाई नव्हती. मी म्हटलं, ऊन काय कमी आहे आपल्याकडे? कालवलेली पूड डब्यांत भरली, डबे पिशवीतून घरी आणले आणि पूड स्टीलच्या ताटल्यांत ओतून गच्चीवर मांडली. वर आईच्या जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा झाकला. आयुष्यभर कुरडया, पापड, सांडगे याच गच्चीवर याच तुकड्याखाली वाळले होते. झिरकोनियाला तेवढा मान दिला तर बिघडलं कुठं, असं मला वाटलं.

आईनं ते वाळवण आपलंच मानलं. दुपारी जाऊन चमच्याच्या दांड्यानं पूड खालीवर करायची. चिमणी आली की हुसकायची. "कसलं पीठ म्हणायचं ह्ये? तांदळाचं दिसतंय, पर हाताला जड लागतंय," म्हणायची. तिच्या देखरेखीखाली माझ्या चार ताटल्या एकामागून एक छान कोरड्या झाल्या. एक ताटली आधीच, भट्टी चालू असताना, प्रयोगशाळेत वाळवलेली होती. तिच्यात चिमूट घातलेली नव्हती, नुसती साधी पूड. बाकीच्या चारांत चिमूट चढत्या प्रमाणात. गुऱ्हाळही तेव्हा नुकतंच पेटलेलं, पहिल्या ताटलीच्या वेळी दिवसाला एक काहील, चौथीपर्यंत तीन तीन.

मग गोळ्या भाजल्या, त्यांच्या दोन्ही अंगांना चांदीचा लेप दिला आणि मोजल्या. साध्या गोळीला दुसरी कमान एवढीशी. चिमूटवाल्या पहिलीला मोठी, दुसरीला आणखी मोठी, चौथीला तर कागदात मावेना. पहिली कमान मात्र पाचही गोळ्यांत जशीच्या तशी. दाण्यांच्या पोटात काहीच बदल नाही आणि सांध्यावर वीज ठार अडलेली.

माझे मार्गदर्शक सर उठून उभेच राहिले. तसे ते फार मोजकं बोलणारे, पांढऱ्या शर्टाच्या खिशाला कायम पेनाचा डाग. त्या दिवशी ते आकृती घेऊन रसायनशास्त्रात गेले, वनस्पतिशास्त्रात गेले, ग्रंथालयातसुद्धा दाखवून आले. "चिमूट सांध्यावर जाऊन बसते आणि वाट अडवते. वैशाली, हा तुझा प्रबंध," ते म्हणाले. मार्चअखेर माझी मुदत संपत होती आणि मेमध्ये सर निवृत्त होणार होते. त्यांच्या हाताखालची मी शेवटची विद्यार्थिनी. त्या चार कमानींवर माझी पदवी उभी होती आणि सरांना निरोपाच्या भाषणात सांगायला काहीतरी मिळालं होतं. आम्ही दोघंही फार खुशीत होतो. शोधनिबंध लिहून झाला. त्यात सरांनी नीट लिहिलं होतं, पूड उन्हात वाळवली.

त्याच खुशीत एका रविवारी सर आपल्या पत्नीला, बाईंना, घेऊन आमच्याकडे आले, ताजा गूळ खायला. शहरात वाढलेली माणसं गुऱ्हाळावर आली की लहान होतात. बाईंनी काकवीत बोट बुडवलं, चटका बसला, तरी पुन्हा बुडवलं. तात्यांनी काहील उतरवून गूळ निववायच्या वाफ्यात ओतली तेव्हा सरांनी टाळ्याच वाजवल्या. मग ओसरीवर चहा आला. सर कप तोंडाशी नेऊन थांबले. चहावर काळी, पापडीसारखी एक बारीक कपची तरंगत होती. ते करंगळीनं ती काढायला बघत होते आणि ती निसटत होती.

आई लाजली. "अवो सर, त्ये काय न्हाय. चिपाडाची राख हाय. हंगामात आमच्या हितं च्यात बी येती, जेवणात बी येती. पोटात गेली तरी कायबी हुत न्हाय."

सर हसले आणि राखेसकट चहा पिऊन टाकला.

मी मात्र तिथंच बसून राहिले. ओसरीवरून गच्ची दिसत होती, गच्चीवरचा लुगड्याचा तुकडा दिसत होता आणि चुलवाणाचं धुराडं त्याच्यापासून वीस पावलांवर होतं. राख मी जन्मापासून बघत होते. अंथरुणं झटकताना, केस विंचरताना, दुधावरची साय काढताना. इतकी बघत होते, की दिसायची बंद झाली होती. नगरची, पुण्याची कुणी मुलगी असती तर पहिल्या दिवशीच किंचाळली असती. मी गुऱ्हाळाची लेक. मी फुंकर मारून कपच्या उडवल्या होत्या आणि खालची पूड निर्धास्त दाबली होती. उसाच्या चिपाडात वाळूचा अंश असतो, जळाल्यावर राखेत तोच उरतो, हे मला पुस्तकातून पाठ होतं. वाळूचा नखभर अंश झिरकोनियाच्या सांध्यांवर बसून वीज कशी अडवतो, हेही पाठ होतं. फक्त ते पुस्तक आणि ही गच्ची यांची माझ्या डोक्यात कधी गाठ पडली नव्हती.

त्यानंतरचा आठवडा मी चोरासारखी वागले. दोन नव्या ताटल्या केल्या. एकीत चिमूट घातली, पण ती बारामतीत मैत्रिणीच्या खोलीवर, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बल्ब लावून वाळवली. दुसरीत चिमूट नाही, काहीच नाही. ती मुद्दाम आमच्या गच्चीवर, लुगडंसुद्धा न झाकता ठेवली. आईला म्हटलं, हिला हात लावू नकोस. आई म्हणाली, "आसं उघडं कुनी टाकतं व्हय?"

यंत्रासमोर बसले. खरं सांगायचं तर मी मनात म्हणत होते, राखेचा काही संबंध नसू दे. आकृती टिंबाटिंबानं उमटते. आधी पहिली कमान चढते, उतरते आणि मग दुसरी सुरू होते. चिमूटवाल्या स्वच्छ गोळीची दुसरी कमान सुरू झाली आणि लगेच मिटली. एवढीशी. मग साधी, राख खाल्लेली गोळी लावली. तिची दुसरी कमान चढत गेली, चढत गेली आणि कागद संपला तरी उतरायला तयार नाही.

मी रडले. आणि रडता रडता, काय सांगू, मला त्या कमानीचं कौतुकही वाटत होतं. इतकी सुबक कमान मला चार वर्षांत आली नव्हती.

सांगावं की नाही, हा प्रश्न पडला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पूर्ण एक दिवस पडला. निबंध पाठवायचा राहिला होता, सर रोज शेवटचा हात फिरवत होते. कुणाला कळणार होतं? पण दर वेळी ती आकृती डोळ्यांपुढं आणली की मला आमचं धुराडंच दिसायचं. दुसऱ्या दिवशी दोन्ही कागद सरांच्या टेबलावर ठेवले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. सर ऐकत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. मग म्हणाले, "मी तो चहा प्यायलो ना गं. कपात दिसत होतं मला." आणि दोन्ही कागद पुढं ओढून घेत, "दोन दिवस दे. विचार करतो."

आज मी मार्गदर्शकाच्या खुर्चीत बसते. समोर एखादा विद्यार्थी खाली मान घालून उभा असला की मला सरांचं ते चष्मा पुसणं आठवतं. निवृत्तीला चार महिने उरलेला माणूस. त्याला एकदाही ओरडावंसं वाटलं नाही. परवा माझ्या एका विद्यार्थिनीनं येऊन सांगितलं, की तिनं तीन महिने चुकीच्या वजनकाट्यावर वजनं केली. मला आधी हसू आलं, मग मी तिला कॅन्टीनमध्ये नेऊन वडापाव खाऊ घातला. तिला वाटलं, मॅडम फार रागावल्यात. माझ्या रागाची विद्यार्थ्यांत फारच वेगळी ख्याती झालेली दिसते.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी तोंड उघडायला नको होतं. पण पान वाढलेलं होतं, आईनं विचारलं, "काय झालंय गं?" आणि मी बोलून गेले. की राख पुडीत गेली, चार गोळ्या फुकट गेल्या, आता प्रबंधात काही उरलं नाही, मार्चपर्यंत नवीन काही होणार नाही. मी कुणाला दोष देत नव्हते. तात्यांनी ताटात हात धुतला तेव्हा अर्धी भाकरी तशीच होती. मी ते बघितलं आणि तरी उठून त्यांच्याशी बोलले नाही. स्वतःच्या दुःखात होते ना.

पुढचा दिवस उजाडला आणि मला जाग आली ती शांततेनं. रस काढायच्या चरकाचं इंजिन चालू नव्हतं. भर हंगामात, आभाळ निरभ्र असताना, गुऱ्हाळ बंद. अंगणात तोडलेल्या उसाचा ढीग पडलेला, कामाची माणसं चिंचेखाली तंबाखू मळत बसलेली. तोडलेला ऊस पडून राहिला की रस उतरतो, गूळ धरत नाही. हे तात्यांनी मला शिकवलं होतं. मी आईला विचारलं. ती चुलीकडे तोंड करून म्हणाली, "तूच इचार त्यास्नी. माझं ऐकत न्हायती."

तो सगळा दिवस तात्या माझ्या समोर आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही इंजिन गप्पच. सकाळी फोन वाजला. सर होते आणि त्यांचा आवाज ग्रंथालयात आकृती दाखवायला निघाल्यासारखा होता. "वैशाली, चिमटीचं सोडून दे. राख हाच विषय. किती राख गेली की सांधा किती अडतो, ते मोजायचं. मुदतवाढीचा अर्ज मी लिहिलाय, निवृत्तीनंतरही मार्गदर्शक मीच राहणार, तेही विचारून घेतलंय. तुझ्या वडिलांना म्हणावं, राख राखून ठेवा."

मी अनवाणीच पळत गुऱ्हाळावर गेले. तात्या थंड चुलवाणाच्या तोंडाशी उकिडवे बसले होते. एवढे रिकामे हात मी त्यांचे कधी बघितले नव्हते.

"तात्या, जाळ का नाही?"

"तुझं पीठ वाळस्तोवर न्हाय."

"अहो, ऊस चाललाय वाया!"

"जाऊंदे. ऊस दरसाली येतोय. तुझं चार वरसाचं मी फुकून टाकलं." हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते. जाळाच्या बाबतीत कुणाचं काही न ऐकणारा हा माणूस माझ्या ताटलीभर पुडीसाठी दोन दिवस विझून बसला होता.

मी त्यांच्या शेजारी बसले. "पेटवा तात्या. मला राखच पाहिजे आता. सर म्हणाले, राखच मोजायची."

त्यांनी मान वळवली. मी चेष्टा करते की काय, ते नीट बघून घेतलं. "राख? किती पायजे?"

"चिमूटभर."

"चिमूटभर!" ते हसले तेव्हा चिंचेखालची माणसं वळून बघायला लागली. मग एकदम कामाचा चेहरा करून त्यांनी विचारलं, "कंची पायजे? उडालेली का तळातली?"

"त्यात काय फरक?"

"आता गं! मोठी शिकल्याली तू, आन् मलाच इचारती? उडालेली भुरभुरीत असती. तळातली जाळ लई झाला की इतळती, पान्यागत हुती आन् इटाइटांच्या सांध्यात शिरून काचंगत बसती. एकदा बसली की निघत न्हाय. दरसाली छिन्नी लावतोय मी."

राख सांध्यावर कशी पोचते, तिथं कशी पसरते, हे सांगायला मला पुढं अख्खं एक प्रकरण लिहावं लागणार होतं. तात्यांनी ते उकिडवं बसून तीन वाक्यांत सांगितलं होतं. आणि चार वर्षांत मी त्यांना कधी काही विचारलंच नव्हतं, फक्त समजावलं होतं.

"परत सांगा," मी म्हटलं आणि पिशवीतून प्रयोगाची वही काढली.

त्यांना वाटलं, मला ऐकू आलं नाही. इंजिनावरून ओरडायची सवय असलेल्या आवाजात त्यांनी पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. मी वर तारीख घातली, खाली त्यांचं नाव घातलं आणि शब्द न् शब्द त्यांच्या बोलीसकट उतरवून घेतला. लिहून होईपर्यंत ते थांबले. मग चिपाडाची पेंडी चुलवाणाच्या तोंडात सारून त्यांनी काडी ओढली.